नृत्यकलेचा पुनरुद्धार करणाऱ्या स्त्रिया

मंगळागौरीच्या रात्रीं झिम्मा-फुगडीनें ज्या घराचें माजघर दणाणून जाई, त्याच घरांत एखाद्या मुलीनें नाच शिकण्याचा विषय काढला, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडत असे, ही गोष्ट फार जुन्या काळची नाहीं. घरच्या चार भिंतींत, सणावाराच्या निमित्तानें पाय थिरकले तर त्याला दोष नव्हता. तेंच गुरूपाशीं बसून शिकावयाचें, तालांत बांधावयाचें आणि चार परक्या माणसांपुढें करून दाखवावयाचें म्हटलें, कीं तें कुलीन स्त्रीचें काम उरत नसे. तें कलावंतिणीचें होई. शंकराला नटराज म्हणून हात जोडणाऱ्या आणि देवळाच्या भिंतीवरील नर्तकींच्या मूर्तींकडे अभिमानानें बोट दाखविणाऱ्या समाजांत जिवंत नर्तकीला मात्र उंबरठ्याच्या आंत जागा नव्हती.

ही कोंडी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फुटली. ती फोडण्याच्या कामीं कांहीं पुरुषांचाही मोलाचा हातभार लागला. परंतु त्या कामाचा खरा भार वाहिला तो स्त्रियांनीं. या स्त्रिया एका प्रांतांतल्या, एका जातींतल्या किंवा एका मताच्या नव्हत्या. त्यांत एक डॉक्टर होती, एक बॅरिस्टरची कन्या होती, एक संस्कृत जाणणाऱ्या ब्राह्मण गृहस्थाची मुलगी होती आणि एक पिढ्यान्‌पिढ्या गाणें-नाचणें हाच धर्म मानणाऱ्या घराण्यांत जन्मलेली होती. त्यांचीं मतें कित्येक ठिकाणीं परस्परांना छेद देणारीं होतीं. त्या मतभेदांसह त्यांचें कार्य समजून घेतलें, तरच या पुनरुद्धाराची किंमत ध्यानांत येते.

प्रथम ही विद्या कोठें व कशी टिकली होती तें पाहिलें पाहिजे. दक्षिणेंतील ज्या नृत्याला आज भरतनाट्य म्हणतात, त्याचें पूर्वींचें प्रचारांतलें नांव सदिर. देवळांना वाहिलेल्या देवदासी आणि राजदरबारच्या नर्तकी यांच्या कुळांत तें चालत आलें होतें. त्याच्या जडणघडणीशीं मराठी मनुष्याचा संबंध फार जवळचा आहे. तंजावरच्या भोसले राजांनीं या कलेला उदार आश्रय दिला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळांत, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चौघे बंधु त्या दरबारीं होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम आजही भरतनाट्याच्या मैफलींत पाळला जातो, त्याची घडी या चौघा बंधूंनीं बसविली. पुढें १८८० सालीं बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशीं, म्हणजे पहिल्या चिमणाबाईसाहेबांशीं झाला. त्या संबंधानें तंजावरच्या नर्तकी व त्यांचे वादक बडोद्यास आले आणि ही दक्षिणी कला गायकवाडी दरबारांत रुजली.

परंतु या कलेचा आधार राजाश्रय हाच होता, आणि तोच डळमळूं लागला. तंजावरचें राज्य १८५५ नंतर इंग्रजांनीं खालसा केलें. दरबार मोडला, तेव्हां कलावंत पोटामागें मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, आणि इतरत्र पांगले. जमीनदारांच्या आणि धनिकांच्या आश्रयानें जगणें नशिबीं आलें, तसा त्या कुळांतील मुलींच्या जीवनाचा दुःखद भाग अधिक उघडा पडला. कळत्या वयाच्या आधींच मुलीला देवाला वाहून टाकावयाचें आणि पुढें तिनें कोणा श्रीमंताच्या मर्जीवर दिवस काढावयाचे, असें हें जिणें होतें. १८९३ सालीं मद्रासच्या समाजसुधारकांनीं गव्हर्नर व व्हाइसरॉय यांना अर्ज करून नाचाच्या बैठकींना उपस्थित न राहण्याची विनंती केली. सरकारनें ती मान्य केली नाहीं. पण सुशिक्षितांच्या घरांतून नर्तकींना बोलावणीं जाण्याचें हळूहळू थांबलें.

या चळवळीला पुढें धार आणली ती डॉक्टर मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनीं. त्यांचा जन्म १८८६ सालीं पुदुकोट्टै संस्थानांत झाला. त्यांची आई देवदासींच्या कुळांतील होती. तेव्हां हा प्रश्न त्यांना पुस्तकांतून कळलेला नव्हता. १९१२ सालीं त्या मद्रास येथून वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि १९२७ सालीं मद्रासच्या कायदेमंडळांत सभासद म्हणून आल्या. देवदासींच्या बंधनाचें मूळ कोठें आहे हें त्यांनीं नेमकें हेरलें. देवळाच्या सेवेबद्दल या कुळांना इनाम जमिनी असत. मुलीनें सेवा सोडली तर जमीन जाई. म्हणून घरचेच लोक मुलीला सोडूं देत नसत. १९२९ च्या कायद्यानें त्या जमिनी सेवेच्या अटींतून मोकळ्या झाल्या. मुंबई इलाख्यांत देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ सालीं झाला. मद्रास प्रांतांत मुली वाहण्याची चाल कायद्यानें पुरती बंद होण्यास मात्र १९४७ साल उजाडावें लागलें.

मुत्तुलक्ष्मीबाईंनीं स्वतः नृत्य केलें नाहीं. किंबहुना त्या काळीं नृत्याचे कैवारी त्यांना विरोधक मानीत. १९३२ च्या अखेरीस ई. कृष्ण अय्यर या वकिलांशीं त्यांचा वर्तमानपत्रांतून मोठा वाद झाला. मुलींची अब्रू वांचवावयाची असेल तर हा नाच बंदच झाला पाहिजे, हा बाईंचा पक्ष. चालीचा दोष कलेच्या माथीं मारूं नये, हा अय्यरांचा पक्ष. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य होतें. मुलगी वांचली पाहिजे आणि विद्याही वांचली पाहिजे, हा पेंच कसा सोडवावा, याचें उत्तर वादांतून मिळणारें नव्हतें. तें कोणीतरी पायांत घुंगूर बांधूनच द्यावयास हवें होतें.

अशा धाडसाचें पहिलें उदाहरण मुंबईनें पाहिलें. लीला रॉय या बॅरिस्टरच्या कन्येचा जन्म १८९९ सालीं पूर्व बंगालमधील बारिसाल येथें झाला. वडील बंगाली, आई युरोपियन. त्यांचे पति साहिबसिंग सोखे हे लष्करी वैद्यक सेवेंतील अधिकारी. पुढें १९३२ पासून मुंबईच्या हाफकिन संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक झाले. एवढ्या प्रतिष्ठित घरांतील गृहिणीनें रंगभूमीवर उभें राहून कथक नाचावें, ही कल्पना त्या काळीं कोणाच्या स्वप्नांतही येण्यासारखी नव्हती. कथक तेव्हां लखनौच्या उस्तादांकडे आणि तवायफांच्या कोठ्यांवर होतें. लीलाबाईंनीं सीताराम मिश्र, अच्छन महाराज, लच्छू महाराज अशा गुरूंपाशीं बसून तें रीतसर शिकून घेतलें आणि 'मेनका' हें नांव धारण केलें.

मेनकाबाईंचें वैशिष्ट्य असें, कीं त्यांनीं कथकाला बैठकींतून उठवून रंगमंचावर आणलें. एकाच नर्तकीनें गत, तोडे आणि भाव दाखवावे ही जुनी रीत. मेनकाबाईंनीं अनेक नर्तक-नर्तकींचा मेळ घालून संपूर्ण कथानक नृत्यांतून उभें केलें. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'वरही त्यांनीं नृत्यनाट्य बसविलें. संगीत, पोषाख, प्रकाश, सगळें कथेस धरून असावें, असा त्यांचा कटाक्ष असे. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्तानें आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली, तेथें त्यांच्या संचाचा मोठा गौरव झाला. १९३६ ते १९३८ या काळांत या संचानें युरोपांत गांवोगांवीं मिळून सुमारें साडेसातशें प्रयोग केले. सखावत हुसेन खां यांच्यासारखे नामांकित सरोदवादक त्यांच्यासह होते.

परत आल्यावर त्यांनीं खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर 'नृत्यालयम्' ही शाळा काढली. तेथें कथक, कथकळि आणि मणिपुरी या तीन परंपरा एका छपराखालीं त्या त्या गुरूंकडून शिकविल्या जात. मुंबईपुण्याच्या मधोमध, रेल्वेच्या हाकेवर, सुशिक्षित घरांतील मुलींसाठीं अशी शाळा निघावी, हीच त्या काळीं मोठी नवलाची गोष्ट होती. महायुद्धाच्या ओढाताणींत ती फार वर्षें टिकली नाहीं आणि मेनकाबाईही १९४७ सालीं, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं निवर्तल्या. पण त्यांनीं लावलेलें रोप वाळलें नाहीं. लहानपणींच त्यांच्या संचांतून युरोप पाहून आलेली मुंबईची मराठी मुलगी दमयंती जोशी पुढें कथकची थोर नर्तकी म्हणून भारतभर गाजली आणि १९७० सालीं पद्मश्री झाली.

मद्रासकडील कथा याहून अधिक खळबळीची आहे. रुक्मिणीदेवींचा जन्म १९०४ सालीं मदुरैस झाला. वडील नीलकंठ शास्त्री हे संस्कृतज्ञ, व्यवसायानें इंजिनियर आणि मतानें थिऑसॉफिस्ट. १९२० सालीं, सोळाव्या वर्षीं, रुक्मिणीदेवींनीं जॉर्ज अरुंडेल या आपल्याहून सव्वीस वर्षांनीं वडील असलेल्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाशीं विवाह केला, तेव्हां मद्रासच्या ब्राह्मणसमाजांत गहजब उडाला. लोकनिंदा कशी सोसावी याचा धडा त्यांना नृत्याच्या पुष्कळ आधींच मिळाला होता.

त्यांना नृत्याकडे वळविण्याचें श्रेय एका रशियन स्त्रीकडे जातें. ॲना पाव्लोवा ही जगद्विख्यात बॅले-नर्तकी. १९२२ सालीं ती भारतांत आली तेव्हां येथील नृत्य पाहण्याची तिला उत्कंठा होती. १९२३ सालीं लंडनमध्यें तिनें उदयशंकर या तरुण चित्रकाराला जोडीस घेऊन राधाकृष्णांचा आणि हिंदु विवाहाचा असे दोन नृत्यप्रवेश रंगभूमीवर आणले, आणि उदयशंकरांच्या आयुष्याची दिशाच पालटली. १९२८ च्या सुमारास अरुंडेल पतिपत्नींची तिची गांठ पडली. रुक्मिणीदेवींनीं तिच्या संचांतील क्लिओ नॉर्दी हिच्यापाशीं बॅलेचे धडे घेतले. परंतु आपल्या देशाची नृत्यविद्या आधीं शोधून पाहावी, अशी सल्ला पाव्लोवानेंच त्यांना दिली. परक्या देशांतील कलावंतिणीनें आपल्याच घरांतील ठेवा दाखवून द्यावा, हा प्रसंग मोठा उद्बोधक आहे.

१९३३ सालीं मद्रासच्या म्युझिक ॲकॅडमींत दोन देवदासी भगिनींचें नृत्य रुक्मिणीदेवींनीं पाहिलें आणि त्यांचा निश्चय झाला. मैलापूर गौरी अम्माळ या देवदासी नर्तकीपाशीं आणि पंदनल्लूरचे वृद्ध गुरु मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्यापाशीं त्यांनीं शिक्षण घेतलें. वयाच्या तिशींत नृत्याचा श्रीगणेशा करणें म्हणजे शरीराला किती कष्ट, हें जाणत्यांनाच ठाऊक. १९३५ च्या डिसेंबरांत, अड्यार येथील थिऑसॉफिकल सोसायटीच्या हीरकमहोत्सवी संमेलनांत, वडाच्या विशाल वृक्षाखालीं त्यांनीं जाहीर नृत्य केलें. ब्राह्मण कुळांतील विवाहित स्त्री सदिर नाचणार म्हणून पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. पण नृत्य पाहून परतलेल्यांपैकीं कित्येकांचीं मनें पालटलीं.

लगेच १९३६ च्या आरंभीं त्यांनीं जी संस्था स्थापिली, तीच पुढें 'कलाक्षेत्र' या नांवानें प्रसिद्धीस आली. रुक्मिणीदेवींनीं नृत्याच्या बाह्य रूपांत मोठे फेरफार केले. पूर्वीं वादक नर्तकीच्या पाठीमागें उभे राहून तिच्यामागोमाग पुढेंमागें सरकत. त्यांना रंगमंचाच्या एका बाजूस बैठक दिली. देवळांतील मूर्तींवरून पोषाख आणि दागिने बेतले. हातमागावर कापड विणण्याची शाळाही संस्थेंत चालविली. तालाचे बोल म्हणून नृत्य चालविणें हें पूर्वीं नट्टुवनार या पुरुष गुरूंचें राखीव काम. तें विद्यार्थिनींना शिकविलें. ही शेवटची सुधारणा दिसण्यांत लहान, पण परिणामानें मोठी आहे. कारण ज्या दिवशीं नर्तकीच्या हातीं झांजा आल्या, त्या दिवशीं ती शिष्येची गुरु झाली.

परंतु रुक्मिणीदेवींनीं आणखी एक गोष्ट केली आणि तिच्यावर आजवर वाद चालला आहे. जुन्या पदांतील जो उघड शृंगार त्यांना असभ्य वाटला, तो त्यांनीं गाळला. कला निर्मळ केली तरच घरंदाज मुली ती शिकतील, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब व्यवहारांत खराही ठरला. मात्र या शुद्धीकरणाला ठाम विरोध करणारी एक स्त्री त्याच शहरांत वाढत होती.

त्या स्त्रीचें नांव बालसरस्वती. जन्म १९१८ सालचा. आजी वीणा धनम्माळ म्हणजे दक्षिणेच्या संगीतांतलें सर्वमान्य नांव. आई जयम्माळ उत्तम गायिका. कंदप्पा पिळ्ळै हे त्यांचे गुरु तंजावरच्या चौघा बंधूंच्या वंशांतले. त्यांची शिस्त इतकी कडक, कीं बोटभर चूकही त्यांना खपत नसे. १९२५ सालीं, सातव्या वर्षीं, कांचीपुरम् येथें देवीसमोर बालसरस्वतींचें पहिलें नृत्य झालें. ज्या काळांत या कुळांतील शहाण्या आया मुलींना नृत्यापासून दूर ठेवीत होत्या, त्या काळांत जयम्माळ यांनीं लेकीच्या पायांत घुंगूर बांधले, हें त्यांचें धैर्य कोणत्याही सुधारकाच्या धैर्याहून कमी नव्हतें.

बालसरस्वतींपाशीं विवाहामुळें किंवा शिक्षणामुळें आलेली प्रतिष्ठा नव्हती. होती ती केवळ विद्या. गात गात अभिनय करण्याची आपल्या घराण्याची जुनी रीत त्यांनीं सोडली नाहीं. शृंगारांत ओंगळ असें कांहींच नाहीं, तोच रसांचा राजा आहे. देवावरील भक्तीला कवींनीं प्रियकराच्या विरहाची भाषा दिली ती जाणूनबुजून, असें त्यांचें मत होतें. ही कला मुळांतच शुद्ध आहे, तिला बाहेरून धुवून काढण्याची गरज नाहीं, हें त्यांनीं आयुष्यभर सांगितलें. १९७५ सालीं मद्रासला केलेल्या एका अध्यक्षीय भाषणांत त्यांनीं नृत्याच्या मैफलीची देवळाशीं तुलना केली. अलारिप्पु म्हणजे गोपुर. तेथून एकेक मंडप ओलांडीत वर्णम् मध्यें गाभाऱ्याशीं पोहोंचावयाचें. मग पदांची शांतता आणि शेवटीं तिल्लाना म्हणजे कापुराची आरती. ज्या कुळाला देवळांतून बाहेर काढलें गेलें, त्या कुळांतील स्त्रीनें आपल्या नृत्यांतच देऊळ उभें करून दाखविलें, याचा अर्थ श्रोत्यांच्या सहज ध्यानांत येण्यासारखा आहे.

त्यांना मान मिळाला, पण उशिरां. १९६२ सालीं त्या अमेरिकेंत गेल्या, १९६३ सालीं एडिनबरोच्या महोत्सवांत नाचल्या, आणि पाश्चात्त्य नर्तक त्यांचे अभिनयाचे धडे घेऊं लागले. १९७३ सालीं म्युझिक ॲकॅडमीनें संगीत-कलानिधि ही आपली सर्वोच्च पदवी प्रथमच एका नर्तकीला दिली, ती त्यांना. किशोरवयांत कलकत्त्यास त्यांचें नृत्य पाहिलेले सत्यजित राय यांनीं १९७६ सालीं त्यांच्यावर चित्रपट काढला. त्यांत उतारवयांतल्या बालसरस्वती समुद्रकांठीं बाळकृष्णाला बोलावणाऱ्या कन्नड पदाचा अभिनय करतांना दिसतात. वाऱ्यानें लुगडें फडफडत आहे, आणि नजर मात्र त्या न दिसणाऱ्या बाळावर खिळलेली आहे. १९८४ सालीं त्या वारल्या. रुक्मिणीदेवी १९८६ सालीं.

या सर्वांत कोणाचें बरोबर ठरलें, असा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे. मुत्तुलक्ष्मीबाईंच्या कायद्यांनीं मुलींच्या गळ्यांतील फांस तोडला. परंतु त्याच वेळीं ज्या कुळांनीं ही विद्या शतकानुशतकें जतन केली, त्यांच्या हातून ती निसटली. रुक्मिणीदेवींनीं ती उचलून प्रतिष्ठित घरांत नेली. परंतु ती ज्यांच्याकडून घेतली, त्या गौरी अम्माळसारख्या स्त्रियांचीं नांवें पुढच्या पिढीच्या मुखीं क्वचितच राहिलीं. बालसरस्वतींनीं त्या विस्मृतीविरुद्ध एकटीनें झुंज दिली. परंतु कायदा झाला नसता तर त्यांच्याच कुळांतील किती मुलींच्या वांट्याला काय आलें असतें, हेंही विसरतां येत नाहीं. एकीच्या कार्याची उणीव दुसरीच्या कार्यानें भरून निघाली, असें म्हटल्यास तें अन्यायाचें होणार नाहीं.

महाराष्ट्रांत या चळवळीचें फळ लवकरच दिसूं लागलें. १९४७ सालीं, मेनकाबाई गेल्या त्याच वर्षीं, रोहिणी भाटे यांनीं पुण्यांत 'नृत्यभारती' ही कथकची संस्था काढली. विद्वत्ता आणि नृत्य या दोन गोष्टी एका ठिकाणीं नांदूं शकतात हें त्यांनीं साठ वर्षें शिकवून सिद्ध केलें. पुण्यासारख्या, नाच म्हटलें कीं दचकणाऱ्या शहरांत, आई-बाप स्वतः मुलीचा हात धरून तिला वर्गांत पोहोंचवूं लागले.

आज शहरांतील मुलगी आठवड्यांतून दोन दिवस नृत्याच्या वर्गास जाते, तेव्हां तिला यांत विशेष असें कांहीं वाटत नाहीं, आणि वाटूंही नये. याचसाठीं तर त्या स्त्रियांनीं निंदा सोसली. मात्र वर्गाच्या आरंभीं भूमीला आणि गुरूला नमस्कार करण्याची जी रीत आहे, त्या नमस्काराचा अर्थ मुलीला घरच्या वडील मंडळींनीं समजावून सांगितला पाहिजे. गुरूच्या मागें गुरूची गुरु उभी असते. त्या रांगेंत डॉक्टरीण आहे, बॅरिस्टरची कन्या आहे, शास्त्र्यांची मुलगी आहे. आणि सर्वांच्या मागें, जिला लोकांनीं घरांत घेतलें नाहीं पण जिनें पुढल्यांसाठीं पावलांचे बोल जपून ठेवले, अशी एक निनांवी कलावंतीणही आहे. नमस्कार तिच्यापर्यंत पोहोंचला पाहिजे.